वाचकांचे प्रश्न : उपचार निवडताना हिशेब कोणाचा?

गेल्या अंकात मी निर्णय-विश्लेषण या विषयावर लिहिले होते. उपचाराचे दोन-तीन मार्ग समोर असतात तेव्हा प्रत्येक मार्गावर काय काय घडू शकते, ते घडण्याची शक्यता किती आणि ते घडल्यास रुग्णाच्या लेखी त्याचे मोल काय, या तीन गोष्टी झाडाच्या फांद्यांसारख्या कागदावर मांडायच्या आणि गुणाकार-बेरीज करून कोणती फांदी जड भरते ते पाहायचे, एवढे त्या लेखाचे सार होते. त्यावर इंदुरातून, तसेच महू, देवास आणि उज्जैन येथून बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रे संक्षिप्त करून, नावे गाळून, येथे घेतली आहेत. रुग्णाला न तपासता उपचार सांगणे योग्य नव्हे, म्हणून डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारावे आणि घरी काय बोलावे, इतक्यापुरतीच ही उत्तरे आहेत.

प्रश्न : माझे वडील ६६ वर्षांचे आहेत, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. आम्ही लोकमान्यनगरात राहतो. नेहमीच्या तपासणीत त्यांचे पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे रक्तातले प्रथिन, वाढलेले आढळले आणि बायोप्सीत प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कर्करोग निघाला. रोग किती आक्रमक आहे ते सांगणारा ग्लीसन आकडा ६, म्हणजे सौम्य, आहे आणि रोग ग्रंथीच्या आतच आहे. इंदुरातील डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली. अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला जाऊन दुसरे मत घेतले, तर तेथील डॉक्टरांनी तूर्त फक्त लक्ष ठेवावे असे सांगितले. काका म्हणतात, कर्करोग अंगात ठेवून कोणाला झोप लागते का, काढून टाका. अण्णांना आम्ही ‘गाठ आहे’ इतकेच सांगितले आहे. ते रोज पहाटे सोवळ्यात पूजा करतात, गुरुवारी दत्तमंदिरात भजनाला बसतात. त्यांचा दिनक्रम बिघडू नये असे वाटते. दोन जाणते डॉक्टर दोन गोष्टी सांगतात, तेव्हा गणित काय सांगते?

उत्तर : दोन डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले म्हणून त्यांपैकी एक चुकत आहे असे होत नाही. आपल्या वडिलांच्या आजारात दोन्ही मार्ग इतके जवळ आहेत की निवड वैद्यकशास्त्राने नव्हे तर रुग्णाने करायची आहे, आणि नेमके त्यांनाच अजून कोणी काही विचारलेले नाही. आधी आकडे पाहू.

या प्रश्नावर ब्रिटनमध्ये ‘प्रोटेक्ट’ नावाचा मोठा अभ्यास झाला. पीएसए तपासणीतून ज्यांचा कर्करोग ग्रंथीच्या आत असतानाच सापडला होता, अशा ५० ते ६९ वर्षे वयाच्या १,६४३ पुरुषांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले गेले : शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि लक्ष ठेवणे. पंधरा वर्षांचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रोस्टेटच्या कर्करोगाने झालेले मृत्यू शस्त्रक्रियेच्या गटात शंभरी २.२, किरणोपचाराच्या गटात २.९ आणि लक्ष ठेवण्याच्या गटात ३.१ होते. रोग शरीरात इतरत्र पसरण्याचे प्रमाण मात्र शस्त्रक्रियेच्या गटात शंभरी ४.७, किरणोपचाराच्या गटात ५ आणि लक्ष ठेवण्याच्या गटात ९.४ होते. लक्ष ठेवणे म्हणजे रोग सोडून देणे नव्हे, हेही काकांना सांगावे. त्या गटातील शंभरांपैकी ६१ जणांनी पंधरा वर्षांत केव्हा ना केव्हा शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार घेतलाच.

आता दुसरी बाजू. सहा वर्षांनी पाहिले तेव्हा लघवी गळते म्हणून पॅड वापरावे लागणारे पुरुष शस्त्रक्रियेच्या गटात शंभरी १७, लक्ष ठेवण्याच्या गटात ८ आणि किरणोपचाराच्या गटात ४ होते. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी तर जवळजवळ निम्म्या पुरुषांना पॅड लागत होते. पुढे बऱ्याच जणांचा त्रास कमी झाला. लैंगिक क्षमतेवरही शस्त्रक्रियेचा परिणाम सर्वांत अधिक झाला, आणि किरणोपचारानंतर शौचाच्या तक्रारी वाढल्या. हे विषय आपल्याकडे मुलगा वडिलांशी बोलत नाही, म्हणून डॉक्टरांनी वडिलांशी एकांतात बोलणे अगत्याचे आहे.

आता कागद घ्या. डाव्या बाजूला चौकोन काढा. जेथे निवड आपल्या हाती असते ती जागा चौकोनाने दाखवतात. त्यातून शस्त्रक्रिया आणि लक्ष ठेवणे अशा दोन फांद्या काढा. प्रत्येक फांदीच्या टोकाला वर्तुळ काढा. जेथे पुढचे आपल्या हाती नसते ती जागा वर्तुळाची. वर्तुळांतून फुटणाऱ्या डहाळ्यांवर वरचे आकडे लिहा. एवढे डॉक्टर करू शकतात. परंतु डहाळीच्या टोकाला ‘पॅड लावून जगलेले एक वर्ष’ याचे मोल लिहायचे असते, आणि तेथे डॉक्टरांची विद्या संपते.

ते मोल काढण्याची एक साधी रीत आहे. रुग्णाला विचारायचे : समजा, पॅड लावून आपल्याला दहा वर्षे जगायचे आहे. हा त्रास पूर्णपणे गेला, पण त्याच्या मोबदल्यात आयुष्य थोडे कमी झाले, तर दहा वर्षांतून किती काळ द्यायला आपण तयार व्हाल? एक जण म्हणेल, एक दिवसही नाही, पॅडची सवय होईल. दुसरा म्हणेल, वर्षभर देईन. दोघांचेही उत्तर बरोबर आहे, कारण प्रश्न त्यांच्या आयुष्याचा आहे.

या उत्तराने निवड कशी फिरते ते पाहा. शंभर पुरुषांनी लक्ष ठेवण्याऐवजी शस्त्रक्रिया निवडली, तर त्यांपैकी नऊ अधिक जणांना पॅड लागतील. सहाव्या वर्षीचे हे प्रमाण पंधरा वर्षे तसेच राहिले असे धरू. म्हणजे शंभर जणांत मिळून पॅडसह काढलेली १३५ वर्षे वाढली. उलट बाजूला, कर्करोगाने होणारे मृत्यू शंभरी ०.९ ने घटले. असा प्रत्येक मृत्यू पंधरा वर्षांच्या मुदतीतली पाच वर्षे हिरावून घेतो असे गृहीत धरले, तर वाचलेली वर्षे साडेचार. साडेचारला १३५ ने भागा. तिसावा हिस्सा येतो, म्हणजे दहा वर्षांत चार महिने. पॅडपासून सुटका मिळावी म्हणून जो दहा वर्षांतून चार महिन्यांहून अधिक काळ द्यायला तयार आहे, त्याने लक्ष ठेवण्याचा मार्ग घ्यावा, आणि जो तयार नाही त्याने शस्त्रक्रियेचा, असे हा हिशेब सांगतो.

पण येथे मी रोग पसरण्याची डहाळी गाळली होती, आणि ती गाळणे न्यायाचे नाही. शस्त्रक्रियेने शंभरांपैकी ४.७ जणांचा रोग पसरणे टळले. पसरलेल्या रोगासह माणूस सरासरी चार वर्षे काढतो आणि त्या काळात आयुष्याची गोडी तीस टक्क्यांनी कमी होते असे धरले, तर शस्त्रक्रियेच्या पारड्यात आणखी सुमारे ५.६ वर्षे पडतात, आणि चार महिन्यांची सीमा नऊ महिन्यांवर जाते. पाच वर्षे, चार वर्षे आणि तीस टक्के ही माझी गृहीते आहेत. आपल्या डॉक्टरांना ती बदलावीशी वाटली तर त्यांनी अवश्य बदलावीत आणि सीमा किती हलते ते पाहावे. गृहीते अशी हलवून पाहणे हा या पद्धतीचा प्राण आहे, असे मी मानतो. तसे न करता एकच आकडा हातात देणाऱ्यावर मी स्वतः विश्वास ठेवत नाही.

आपण पत्राच्या शेवटी जाता जाता सोवळ्याचा उल्लेख केला आहे. मला तो बायोप्सीच्या अहवालाइतकाच महत्त्वाचा वाटला. जो माणूस पहाटे सोवळे नेसून देवापुढे बसतो, त्याला थेंबभर गळतीही पूजेतून उठवू शकते. दुसऱ्याला जी किरकोळ गैरसोय वाटेल, तीच त्याला दिवसाचा पाया खचल्यासारखी वाटू शकते. किंवा अण्णा म्हणतील, देवाला सर्व कळते, शरीराचे भोग आहेत, पण रोग अंगात आहे हा विचार घेऊन मी जपाला बसू शकणार नाही. यांपैकी ते काय म्हणतील हे आपल्याला माहीत नाही आणि मलाही नाही.

हे मी आग्रहाने लिहितो त्यामागे एक आठवण आहे. माझ्या उमेदवारीच्या काळात एका कीर्तनकारांना स्वरयंत्राचा कर्करोग झाला होता. स्वरयंत्र काढणे किंवा किरणोपचार देणे, असे दोन मार्ग होते; पहिल्यात जगण्याची शक्यता अधिक आणि दुसऱ्यात आवाज राहण्याची. आम्ही वॉर्डात चर्चा केली, त्यांच्या भावाची सही घेतली आणि स्वरयंत्र काढले. ते पुढे नऊ वर्षे जगले. दर वर्षी तपासणीला येत आणि पाटीवर लिहून बोलत. त्यांनी कधी तक्रार केली नाही. परंतु त्यांनी स्वतः कोणता मार्ग निवडला असता, हे आम्ही विचारलेच नव्हते, आणि पुढे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. अमेरिकेतील डॉक्टर बार्बरा मॅकनील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हाच प्रश्न ३७ निरोगी माणसांना, अग्निशामक दलातील जवान आणि कंपन्यांतील अधिकारी यांना, विचारला होता; आवाज राहावा म्हणून जगण्याची थोडी शक्यता सोडायला सुमारे पाचांत एक जण तयार होता. तो अभ्यास मी बऱ्याच उशिरा वाचला.

म्हणून काकांशी वाद घालण्यापूर्वी अण्णांना सांगा. काकांची भीती निराधार नाही; आपल्याकडे हा रोग पुष्कळदा हाडांत पोहोचल्यावरच सापडतो, आणि त्यांनी पाहिलेले रुग्ण तसेच असणार. अण्णांचा रोग तसा नाही हे त्यांनाही कळू द्यावे. ‘कर्करोग’ हा शब्द उच्चारायला जड जात असेल तर डॉक्टरांनी तो आपल्यासमोर उच्चारावा. पण तो उच्चारल्यावर लगेच, घाई नाही, निवडायला वेळ आहे, हेही सांगावे, कारण या प्रकारात ते खरे आहे. एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. त्या अभ्यासातील पुरुष बहुतेक गोरे ब्रिटिश होते, आणि तेथे लक्ष ठेवण्याची मुख्य भिस्त पीएसएवर होती. आता एमआरआय आणि ठरावीक काळाने पुन्हा बायोप्सी करतात, त्यामुळे रोगाने पाऊल पुढे टाकले तर ते लवकर कळते. ही तपासणी आपल्याकडून नियमाने होईल का, इंदुरात कोठे होईल, तिचा खर्च किती आणि दर वेळी अहवाल येईपर्यंतच्या काळजीत अण्णांची झोप उडेल का, हेही त्याच कागदावर लिहावे लागेल.

प्रश्न : माझ्या वहिनींच्या फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेआधी एका डॉक्टरांनी सांगितले की शंभरांपैकी नव्वद जण सुखरूप बाहेर येतात. दुसऱ्यांनी सांगितले की शंभरांपैकी दहा दगावतात. पहिले ऐकून घरात धीर आला आणि दुसरे ऐकून रडारड झाली. मी गणिताची शिक्षिका आहे. ही दोन विधाने एकच आहेत हे मला कळते. तरीही माझेही मन हलले. असे का? (महू)

उत्तर : आपले मन हलले यात कमीपणा नाही. १९८२ मध्ये मॅकनील, पॉकर, सॉक्स आणि ट्वर्स्की यांनी नेमके हेच तपासले होते, आणि योगायोगाने आजारही फुप्फुसाचा कर्करोगच होता. लोकांसमोर दोन उपचार ठेवले. शस्त्रक्रियेत शंभरांपैकी ९० जण शस्त्रक्रियेतून वाचतात, ६८ वर्षअखेर आणि ३४ पाच वर्षांनी हयात असतात. किरणोपचारात उपचारादरम्यान शंभरही वाचतात, ७७ वर्षअखेर आणि २२ पाच वर्षांनी हयात असतात. काही जणांना हे आकडे असे वाचलेल्यांचे म्हणून दाखवले, तर काहींना तेच आकडे उलटून दगावलेल्यांचे म्हणून दाखवले. पहिल्या प्रकारात किरणोपचार निवडणारे शंभरी १८ होते. दुसऱ्या प्रकारात ते ४४ झाले. ‘दहा दगावतात’ हे शब्द समोर आले की तत्काळ येणाऱ्या मरणाची भीती पाच वर्षांच्या हिशेबाला झाकून टाकते. उत्तर देणाऱ्यांत रुग्ण होते, विद्यार्थी होते आणि डॉक्टरही होते. शिक्षणाने कोणी सुटले नाही.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे की घरात आकडा सांगताना दोन्ही बाजूंनी, एका दमात सांगावा : शंभरांपैकी नव्वद वाचतात, दहा दगावतात. टक्के न वापरता माणसे मोजावीत. आणि मुदत विचारावी, कारण वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षाच्या अखेरीस किरणोपचार पुढे आहे आणि पाचव्या वर्षी शस्त्रक्रिया. वहिनींना नातवाची मुंज पाहायची आहे की त्याचे शिक्षण पूर्ण झालेले पाहायचे आहे, यावर कोणता आकडा वाचायचा ते ठरते. आपण शिक्षिका आहात, तेव्हा हे काम घरात आपणच करू शकाल.

प्रश्न : एक डॉक्टर तापात लगेच औषध देतात, दुसरे आधी तपासण्यांची यादी देतात. कोणाचे खरे? (देवास)

उत्तर : बोस्टनचे डॉक्टर स्टीफन पॉकर आणि जेरोम कॅसिरर यांनी १९७५ आणि १९८० च्या लेखांत याचे उत्तर दिले आहे. आजार असताना औषधाने होणारा लाभ हा आजार नसताना त्याच औषधाने होणाऱ्या हानीच्या नऊपट असेल, तर आजाराची शक्यता दहांत एकाहून अधिक असताना औषध देणे फायद्याचे ठरते. हानी वाढली की ही सीमा वर सरकते. तपासणीचा उपयोग या सीमेच्या आसपासच असतो. शक्यता फार कमी असेल तर तपासूही नये आणि औषधही देऊ नये, फार अधिक असेल तर न थांबता औषध द्यावे. म्हणून तपासणी लिहून दिल्यावर एवढेच विचारावे : अहवाल असा आला तर आपण काय कराल, आणि तसा आला तर काय? दोन्ही वेळा उत्तर एकच मिळाले, तर ती तपासणी कशासाठी, असे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

प्रश्न : माझ्या यजमानांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडत असत. डॉक्टरांनी सांगितले होते की गोळी घेतली नाही तर अशा शंभर रुग्णांपैकी वर्षाला सहा जणांना गुठळीमुळे पक्षाघात होतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीने ते दोनवर येते, पण दोनशेत एकाला मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. यजमान म्हणाले, मला अंथरुणाला खिळून कोणाच्या हाताने जेवायचे नाही, गोळी सुरू करा. मी आग्रह धरला आणि सुरू केली. तिसऱ्या वर्षी, ७४ व्या वर्षी, मेंदूत रक्तस्राव होऊनच ते गेले. मुलगा म्हणतो, गोळी नसती तर बाबा आज असते. दोन वर्षे मी हेच घेऊन बसले आहे. माझे चुकले का? (राजेंद्रनगर)

उत्तर : नाही, आपले चुकले नाही. हे मी सांत्वन म्हणून लिहीत नाही. कागद समोर ठेवून लिहीत आहे.

डॉक्टरांनी सांगितलेले आकडे या औषधाविषयी जे ज्ञात आहे त्याच्याशी जुळतात. अशा गोळीने गुठळीमुळे होणारे पक्षाघात साधारण दोन तृतीयांशाने कमी होतात. गोळीशिवाय शंभरांत सहा आघात. गोळीसह दोन, आणि रक्तस्रावाचा अर्धा मिळवून अडीच. आपल्या यजमानांना परावलंबनाची भीती मरणाहून अधिक होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितली होती. त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर आणि त्यांच्या मनावर विचार केला, तर मीही तीच फांदी धरली असती. जी डहाळी आपल्या वाट्याला आली ती त्या झाडावर तेव्हाही होती. डॉक्टरांनी ती दाखवली होती, आपण दोघांनी ती पाहिली होती. माळव्यातला शेतकरी चार इंच पाऊस झाल्यावर सोयाबीन पेरतो आणि मग महिनाभर आभाळ कोरडे जाते, तेव्हा पेरणी चुकली असे जाणता माणूस म्हणत नाही. त्या पावसावर पेरायचेच असते.

मुलाच्या म्हणण्यात एक गोष्ट राहून गेली आहे. गोळी नसती तर रक्तस्राव कदाचित झाला नसता. पण त्या तीन वर्षांत शंभरी सहाच्या हिशेबाने पक्षाघाताची टांगती तलवार होती, आणि ती पडली नाही हे आपल्याला दिसत नाही, कारण न घडलेली गोष्ट कोणालाच दिसत नाही. त्याला हे पत्र दाखवावे. तो रागावलेला नसून बाबांना शोधत आहे, असे मला त्याच्या वाक्यावरून वाटते. आपल्या घरी रुग्णाला विचारले गेले. मी इतकी वर्षे पाहिलेल्या घरांपैकी फार थोड्या घरांत तसे घडले आहे.

प्रश्न : मी ४६ वर्षांची आहे. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. कधीही दुखलेले नाही. दुर्बिणीची शस्त्रक्रिया करून पित्ताशय काढून टाकावे असे एक डॉक्टर म्हणतात, तर न दुखणाऱ्या खड्यांना हात लावू नये असे दुसरे म्हणतात. डिसेंबरात मुलीचे लग्न आहे. माझे माहेर कानपूरचे. आई पित्ताशयाच्या कर्करोगाने गेली. (वैशालीनगर)

उत्तर : आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य नसते तर माझे उत्तर सोपे होते.

न दुखणाऱ्या खड्यांविषयी एक जुना आणि मोलाचा अभ्यास आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या १२३ अध्यापक-कर्मचाऱ्यांमध्ये तपासणीत असे मूक खडे आढळले होते. त्यांच्यावर वर्षानुवर्षे नजर ठेवली, तेव्हा पाच वर्षांत शंभरी १०, दहा वर्षांत १५ आणि पंधरा वर्षांत १८ जणांना कळा आल्या. म्हणजे बहुतेकांना आल्याच नाहीत. त्या आधारे डेव्हिड रॅन्सोहॉफ आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये निर्णयवृक्ष मांडला. न दुखणारे पित्ताशय आधीच काढून टाकले, तर तीस वर्षांच्या पुरुषाचे आयुष्य सरासरी चार दिवसांनी आणि पन्नास वर्षांच्या पुरुषाचे अठरा दिवसांनी कमी होते, असे उत्तर आले. दुखेपर्यंत थांबण्याचा सल्ला जगभर रूढ होण्यामागे असा हिशेब आहे, आणि आपले दुसरे डॉक्टर त्याच परंपरेतून बोलत आहेत.

परंतु तो हिशेब पोट उघडून करण्याच्या शस्त्रक्रियेचा होता. दुर्बिणीची शस्त्रक्रिया १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. तिच्यात वेदना कमी, मुक्काम कमी, मात्र पित्तनलिकेला इजा होण्याचा धोका हजारी साधारण तीन ते पाच इतका उरतो, आणि ती इजा झाली तर ती लहान गोष्ट नव्हे. दुसरे म्हणजे, मिशिगनच्या माणसांच्या झाडावर कर्करोगाची डहाळी काडीइतकी बारीक होती. उत्तर भारतात, विशेषतः गंगेच्या मैदानात, स्त्रियांमध्ये पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. आपला जन्म आणि बालपण त्या मैदानात गेले, आणि आईला तोच रोग झाला. परदेशी झाड आपल्या अंगणात जसेच्या तसे लावता येत नाही ते या डहाळीमुळे. मुळात बारीक असलेली शक्यता दुप्पट-तिप्पट झाली तरी ती आकड्याने लहानच राहते, हे खरे आहे. पण हा रोग बहुधा उशिरा कळतो आणि कळल्यावर हाती फारसे उरत नाही, म्हणून त्या डहाळीच्या टोकाचे नुकसान फार मोठे आहे. मला यात पारडे शस्त्रक्रियेकडे झुकताना दिसते. आपली बहीण असेल आणि तिलाही खडे असतील, तर तिलाही हेच सांगावेसे वाटते.

नक्की ठरवण्याआधी सोनोग्राफीच्या अहवालात तीन गोष्टी पाहून घ्या : सर्वांत मोठा खडा तीन सेंटिमीटरहून मोठा आहे का, पित्ताशयाची भिंत जाड झालेली किंवा चुना साचलेली आहे का, आणि एक सेंटिमीटरहून मोठा मांसाचा कोंब, ज्याला पॉलिप म्हणतात, दिसतो का. यांपैकी काहीही असेल तर लग्नाची वाट न पाहता शल्यचिकित्सकांना भेटावे. अहवालात नुसते ‘खडे आहेत’ इतकेच लिहिले असेल तर या तीन गोष्टींसाठी पुन्हा सोनोग्राफी करून घ्यावी. ती इंदुरात सहज होते. आईच्या आजाराविषयी दोन्ही डॉक्टरांना आपण सांगितले आहे का, हे पत्रावरून कळत नाही. सांगितले नसेल तर दोघांनाही सांगावे, कारण थांबायला सांगणाऱ्या डॉक्टरांचे मत त्याने बदलू शकते.

अहवालात यांपैकी काही नसेल तर दोन-तीन महिन्यांनी काही बिघडत नाही. लग्न निर्विघ्न होऊ द्यावे आणि जानेवारीत शस्त्रक्रियेची तारीख घ्यावी. मधल्या काळात उजव्या बरगडीखाली तासभर न थांबणारी कळ आली, थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर मात्र मांडव दारात असला तरी त्याच दिवशी रुग्णालयात जावे, आणि हे मुलीच्या वडिलांना आजच सांगून ठेवावे.